३८३ स्मॉल ब्लॉक (शेवर्लेचं व्ही-८ इंजिन) तिसऱ्या गिअरला दम सोडते, पेट्रोल लाईन आणि पंप किती मोठा घ्यावा?

मिशिगनकर_शेवी

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय. मूळचा तासगावचा, सध्या डेट्रॉईटच्या जवळ. दोन वर्षांपूर्वी १९७० ची शेव्हेल (शेवर्लेची जुनी गाडी) घेतली, बॉडी बरी होती, इंजिन पार गेलेलं. मग इंजिन नवीन बांधून घेतलं, ३५० चा ब्लॉक, बोअर ०.०३० इंचाने मोठा, ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक, म्हणजे ३८३ क्युबिक इंच. अल्युमिनियमची हेड्स, हायड्रॉलिक रोलर कॅम, वर होलीचा ७५० डबल पंपर कार्ब (कार्बोरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा). बिल्डरने स्वतःच्या डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या मशीनवर) माझ्यासमोर फिरवून दाखवलं, ५८०० आरपीएमला ४५१ एचपी, कागद आहे माझ्याकडे.

आता प्रॉब्लेम असा की गाडीत बसवल्यापासून पहिला दुसरा गिअर एकदम झकास, मागे सीटला चिकटायला होतं, आणि तिसऱ्यात ४८०० च्या पुढे गेली की दम सोडते. मिसिंग नाही करत, फटफट नाही, नुसती मागून कोणीतरी धरल्यासारखी होते. पाय काढला, दोन-तीन सेकंद थांबलो, परत दाबला की परत पळते आणि परत तेच.

आधी वाटलं इग्निशन, म्हणून कॉइल, प्लग, कॅप, वायरी सगळं बदलून झालं, काही फरक नाही. मग वाईडबँड (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवतो, आकडा मोठा म्हणजे पेट्रोल कमी) लावला तर वरच्या आरपीएमला १४.५, कधी १५ च्या पण पुढे दाखवतो, फुल थ्रॉटलला! घाबरून कार्बचे जेट (पेट्रोल जायची भोकं) चार नंबरने मोठे केले. वर फार फरक नाही आणि खालच्या आरपीएमला गाडी काळा धूर सोडायला लागली, प्लग पण काळे.

पंप आहे साधा मेकॅनिकल, ब्लॉकवरचा. टाकीपासून पंपापर्यंत गाडीची मूळची ५/१६ इंचाची स्टीलची लाईन. इथल्या एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला १/२ इंचाची लाईन टाक पूर्ण, तासाला १४० गॅलनचा इलेक्ट्रिक पंप, रेग्युलेटर (प्रेशर मर्यादेत ठेवणारा), रिटर्न (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी लाईन), सगळं मिळून आठशे डॉलरच्या घरात. पैसे लागले तर लागू देत पण हे खरंच लागतं का? मेकॅनिकल ठेवू की इलेक्ट्रिक? लाईन ३/८ की १/२? ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डची ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक) असते त्याआधी गाडी नीट व्हावी एवढीच इच्छा. पोरगं माझं नऊ वर्षांचं, शेजारी बसतं, त्यामुळे पेट्रोलच्या कामात मला उगाच जुगाड नकोय.

क्वार्टरमाईल_ह्यूस्टन

भाऊ, सगळ्यात आधी एक काम कर, हे नीट होईपर्यंत फुल थ्रॉटल मारू नकोस. फुल लोडवर १५ म्हणजे पिस्टन वितळायची तयारी आहे, १२.५ ते १३ च्या मधे पाहिजे तिथे. नवीन इंजिन आहे, जीव लावून बांधलंय, वाचव ते.

आता हिशोब. नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो-ब्लोअर नसलेल्या) पेट्रोल इंजिनाला फुल लोडवर दर एचपीला तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल लागतं. ४५१ ला धर २२५ पाउंड तासाला. पेट्रोलचा गॅलन सव्वासहाच्या आत-बाहेर पाउंडाचा, म्हणजे झाले ३६-३७ गॅलन, लिटरमधे तासाला १४०. मिनिटाला सव्वादोन लिटरच्या वर. बिसलेरीच्या दोन बाटल्या आणि वर कपभर, दर मिनिटाला, त्या कार्बच्या तोंडातून गेल्या पाहिजेत, आणि त्या पण ५-६ पीएसआय (पाउंड दर चौरस इंच) प्रेशर टिकवून. शेवटचं वाक्य सगळे विसरतात.

कारण पंपाच्या खोक्यावर जे गॅलन लिहिलेले असतात ते फ्री फ्लो असतात, म्हणजे पुढे काहीच अडथळा नाही, पाईप उघडा सोडलाय, तेव्हाचे. होलीचा रेड पंप घे, ९७ गॅलन फ्री फ्लो, पण ४ पीएसआयला तोच ७१ देतो. ब्लू ११० फ्री, ९ पीएसआयला ८८. हे कंपनी स्वतः छापते, लपवत नाही, लोक वाचत नाहीत. त्यात व्होल्टेज पडलं, बारीक वायर टाकली, की अजून कमी. त्यामुळे ३७ लागतात म्हणून ४० चा पंप घेतला तर फसलास. पण म्हणून १४० पण नको, तुझ्या गाडीला ७० ते ११० फ्री फ्लोच्या मधलं काहीही भरपूर आहे.

लाईन म्हणशील तर ३/८, म्हणजे एएन-६. हा एएन आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो, सहा म्हणजे ६/१६, आठ म्हणजे ८/१६. कार्बवर ५०० एचपीपर्यंत सहा नंबर आरामात चालतो. १/२ तुला लागत नाही. मी स्वतः वापरतो १/२, पण माझी गाडी स्लिक्सवर (गुळगुळीत रेसिंग टायर) ड्रॅग स्ट्रिपला, म्हणजे सरळ शर्यतीच्या ट्रॅकला जाते, तिथे गणित वेगळं असतं.

ते वेगळं का ते पण सांगतो. गाडी सुटते तेव्हा टाकीपासून पुढपर्यंतच्या लाईनीतलं सगळं पेट्रोल मागे ढकललं जातं. एक जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) ॲक्सिलरेशनला दर फुटामागे साधारण ०.३२ पीएसआय जातं. बारा फूट लाईन धर, झाले पावणेचार पीएसआय गेले. सहा-सातच्या पंपातून पावणेचार काढ, काय उरलं? म्हणून ड्रॅगवाले मागे १४ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप लावतात आणि पुढे कार्बपाशी रेग्युलेटरने सातवर आणतात. रस्त्यावरच्या टायरवर तुला एक जी मिळत नाही, आणि तुझी गाडी सुटताना नाही तर तिसऱ्यात मरतेय. म्हणजे कार्बच्या बाऊलमधलं (छोट्या वाटीतलं) साठलेलं पेट्रोल पहिल्या दुसऱ्यात वापरून होतं आणि मागून भरपाई येत नाही. पाय काढल्यावर दोन-तीन सेकंदात बाऊल परत भरतात. तुझं लक्षण अगदी पुस्तकातलं आहे.

माझं मत, मागे टाकीपाशी इलेक्ट्रिक लाव, पुढे बायपास रेग्युलेटर (जादा पेट्रोल टाकीत परत पाठवणारा), कायमची कटकट संपली.

जिप्सीवाला_पुणे

मी व्ही-८ वाला नाही, माझी जिप्सी किंग, कार्बवाली, १.३, त्यावर दोन वेबर ४० डीसीओई कार्ब, ९५ एचपीच्या आसपास. पण मी याच खड्ड्यात पडलोय त्यामुळे लिहितो.

ह्यूस्टनवाल्या भावाच्या हिशोबाने माझ्या इंजिनाला तासाला २९-३० लिटर पुरतात, मिनिटाला अर्धा लिटर. आणि मी काय केलं तर कोणीतरी सांगितलं म्हणून सात पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप लावला, रेग्युलेटर नाही. वेबरला लागतं तीन, फार तर साडेतीन. खंबाटकी चढताना कार्ब ओव्हरफ्लो व्हायला लागला, ट्रंपेटमधून (कार्बच्या हवा घेणाऱ्या तोंडातून) पेट्रोल बाहेर, खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल. त्या दिवशी गाडी बाजूला घेऊन एक्स्टिंग्विशर हातात धरून पंधरा मिनिटं उभा होतो. बायको पोरांना आधी दूर नेऊन बसवलं. त्यामुळे मित्रा, कमी पडण्याचा त्रास तुला दिसतोय पण जास्त झालं तर ते त्याहून वाईट असतं हे लक्षात ठेव. कार्बमधली फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी) ठरावीक प्रेशरपर्यंतच बंद राहू शकते, त्याच्या वर पंप तिला उचलून पेट्रोल आत ढकलतो. प्रेशर आणि फ्लो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होलीला साडेसहा-सात चालतं, त्याच्या वर नको.

दुसरं, होज. आमच्याकडे आता पंपावर ई-२०च (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं, माझ्या जुन्या रबरी नळ्या वर्षभरात फुगून मऊ पडल्या, आतला थर सुटून बारीक काळे कण फिल्टरमधे. तुमच्याकडे ई-१० असेल तरी जुनी नळी ठेवू नकोस. होजवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घे, आर७ कार्बच्या प्रेशरला चालते पण आर९ चं आतलं अस्तर इथेनॉलला जास्त टिकतं. आणि इथेनॉलमुळे पेट्रोल थोडं जास्तच लागतं, हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण साध्या पेट्रोलला १४.७ तर ई-१० ला १४.१ च्या जवळ, तेवढं पंपाच्या हिशोबात धर.

उन्हाळ्यात एप्रिल-मे मधे आमच्याकडे व्हेपर लॉक (लाईनीत पेट्रोलची वाफ होऊन अडतं) पण होतो, तुमच्या थंडीत तो प्रश्न नसेल.

कार्बकाका

प्रश्न नसेल असं नाही हो, मिशिगन-ओहायोला उलट एक वेगळाच घोळ असतो. इथे हिवाळ्यात पंपावर जे पेट्रोल येतं ते मुद्दाम लवकर वाफ होणारं असतं, थंडीत सेल मारल्यावर इंजिन चटकन लागावं म्हणून. एप्रिलमधे एखादा दिवस अचानक गरम निघाला आणि टाकीत तेच हिवाळी पेट्रोल असलं की जुन्या गाड्या सिग्नलला बंद पडलेल्या दिसतात. एसी असलेल्या त्या काळच्या जीएमच्या गाड्यांना पंपावर तिसरी बारीक नळी असायची, वाफ परत टाकीत पाठवायला, ती याचसाठी.

आता तासगावच्या पाव्हण्याला माझं सांगणं. तू तासगावचा म्हणतोस, द्राक्षबागा, विहिरी बघितल्या असशील. मी पण सांगली जिल्ह्यातलाच, किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या गावाशेजारी वाढलो, नंतर इकडे ओहायोत तीस वर्षं झाली. मला एक सांग, विहिरीवर मोटर बसवताना सक्शनचा पाईप डिलिव्हरीपेक्षा बारीक ठेवलेला कधी पाहिलास का? कोणी शेतकरी ठेवत नाही. अडीचची डिलिव्हरी असेल तर सक्शन तीनचा. कारण पंप ढकलायला पाहिजे तेवढं ढकलेल, ओढायला मात्र त्याच्याकडे फक्त हवेचा दाब आहे. ओढताना पाईप बारीक पडला की पाण्यातूनच वाफ सुटते, पंप खडखडायला लागतो आणि पाणी येत नाही. आणि पाणी तर शंभरला उकळतं, पेट्रोलमधले हलके भाग चाळीसच्या आत उकळायला लागतात.

तुझ्या गाडीत पंप पुढे ब्लॉकवर आहे. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची अख्खी साडेचार-पाच मीटरची ५/१६ ची लाईन ही सक्शन आहे. मी कागदावर काढून बघितलं. ५/१६ हा बाहेरचा माप, आतून साडेसहा मिलिमीटर. तासाला १४० लिटरला एवढ्या लांबीत नुसत्या घर्षणात दीड पीएसआयच्या वर जातं. त्यात टाकीतली जाळी, वाकवलेले कोपरे, फिल्टर, चढ धरला की अडीच-तीन कुठेच गेलं नाही. तेच ३/८, आतून आठ मिलिमीटर, तर घर्षण अर्धा-पाऊण पीएसआयवर येतं. बघायला मापात फरक कमी वाटतो पण घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होतं. १/२ घेतलास तर अजून कमी होईल पण उरलेल्या अर्ध्या पीएसआयसाठी तेवढा खर्च आणि खटाटोप करायचा की नाही ते तूच बघ, मी करणार नाही.

आणि डायनोवर गाडी का चालली? बिल्डरच्या डायनोला त्याची स्वतःची टाकी, स्वतःचा पंप, स्वतःची जाड लाईन. इंजिन निर्दोष आहे याचा तो पुरावा आहे तुझ्याकडे. म्हणून इंजिनला हात लावू नकोस, जेट पण नको.

विकत काही घ्यायच्या आधी ह्या चार गोष्टी कर. एक साधं ० ते १५ चं फ्युएल प्रेशर गेज कार्बच्या अगदी तोंडाशी लाव आणि काउलवर (काचेखालच्या पत्र्यावर) बाहेर, काचेतून दिसेल असं बांध, पेट्रोलची नळी केबिनमधे आणायची नाही, कधीच नाही. मग तिसऱ्यात एकदाच, दोन सेकंद, ओढून बघ गेज किती पडतं, शेजारी मोठ्या माणसाला बसव गेज बघायला, मुलाला नको. दुसरं, टाकीचं झाकण सैल करून तीच परीक्षा. तासाला १४० लिटर पेट्रोल बाहेर जातं म्हणजे तेवढीच हवा आत यायला पाहिजे, झाकणाचं भोक बुजलेलं असलं तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि माणूस पंप बदलत बसतो. तिसरं, टाकीतून सेंडिंग युनिट (पेट्रोलची लेव्हल मोजणारा भाग, ओढायची नळी त्यालाच असते) काढून आतल्या नळीचा माप घे. ती ५/१६ असेल तर बाहेर एक इंचाची लाईन टाकलीस तरी तोंड तेवढंच. चौथं, पंप काढून त्याचा पुशरॉड (कॅमवरून पंप हलवणारा दांडा) मोज. स्मॉल ब्लॉकला तो ५.७५ इंच असतो. झिजून आखूड झाला की पंपाचा स्ट्रोक कमी होतो आणि पंप नवा असूनही कमी देतो. तुझा रोलर कॅम आहे, बिल्डरला विचार कॅमवर फ्युएल पंपाचा लोब (पुशरॉड ढकलणारा उंचवटा) स्टीलचा आहे का, असेल तर ब्राँझचं टोक असलेला रॉड लागतो, नाहीतर एकमेकांना खातात.

जुन्या शॉप मॅन्युअलमधे पंपाची परीक्षा होती, अर्ध्या मिनिटात एक पाइंट (जवळजवळ अर्धा लिटर). ती साध्या गाडीची परीक्षा आहे, सेल मारताना एवढं आलं म्हणजे पंप जिवंत आहे इतकंच कळतं, ४५० एचपीला पुरेल का ते त्यातून नाही कळत. ते गेजवरच कळेल.

मिशिगनकर_शेवी

काका, विहिरीचं वाचलं आणि अंगावर काटा आला. आमच्या मळ्यातली मोटर वडील आणि मी मिळून बसवलेली, फूट व्हॉल्व्ह बदलताना मी पाण्यात उतरायचो. हे डोक्यात का नाही आलं कळत नाही.

शनिवार-रविवार पूर्ण यात घातला. निकाल सांगतो.

आयडलला गेज ६. तिसऱ्यात मित्र गेज बघत होता, ४५०० ला ४ च्या खाली, ५००० ला २, मग मी पाय काढला, तो म्हणतो दीडपर्यंत गेलं होतं. झाकण सैल करून काहीच फरक नाही, म्हणजे व्हेंट बरा आहे. टाकी उतरवली, सेंडिंग युनिटची नळी ५/१६ आणि तिच्या टोकाची जाळी तर अर्धी शेवाळ लागल्यासारखी तपकिरी गाळाने बंद! पुशरॉड ५.७१ भरला, कॅलिपरने तीनदा मोजला. बिल्डरला फोन केला, लोब कास्ट आयर्नचा आहे म्हणाला, साधा रॉड चालेल.

पंप आणि टाकीच्या मधे आधीच्या मालकाने एक छोटा काचेचा पारदर्शक फिल्टर घातलेला, तो पण सक्शनलाच. त्याचं तोंड ५/१६ पेक्षा पण बारीक आहे आतून.

आता खरेदी करायची. इलेक्ट्रिक की मेकॅनिकल यावर तुमच्यात एकमत नाही दिसत, मला नीट समजावून सांगा.

क्वार्टरमाईल_ह्यूस्टन

तो काचेचा फिल्टर आजच फेकून दे. फुटला, किंवा गरम होऊन सीलपाशी गळला तर सरळ इंजिनवर पेट्रोल.

मी अजूनही इलेक्ट्रिकच म्हणेन कारण काकांचाच मुद्दा, ओढण्यापेक्षा ढकलणं बरं. पंप टाकीपाशी, पेट्रोलच्या लेव्हलच्या खाली, की सक्शन फूटभर उरतं आणि बाकी सगळी लाईन प्रेशरखाली, प्रेशरखाली पेट्रोल सहज उकळत नाही. पण केलंस तर अर्धवट करू नकोस. पंपाला बॅटरीपासून रिलेमार्गे स्वतंत्र १० गेजची वायर, डॅशच्या जुन्या फ्यूजमधून चोरून नाही. आणि ऑइल प्रेशर स्विच पाहिजेच पाहिजे, इंजिन बंद पडलं की पंप बंद. अपघात झाला, इंजिन थांबलं, इग्निशन चालू राहिली आणि लाईन तुटलेली असली तर पंप टाकी रिकामी होईपर्यंत पेट्रोल ओततच राहतो. मेकॅनिकल पंपात हा धोका आपोआप नाही हे मान्य करतो.

कार्बकाका

तू स्वतःच माझं उत्तर दिलंस बघ. ड्रॅगच्या गाडीला मागचा पंप हवाच, वाद नाही. ही गाडी रस्त्यावरची आहे, शेजारी मुलगा बसतो, इंजिन थांबलं की पंप थांबतो ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिवाय आवाज नाही, वायरिंग नाही. ११० गॅलनचा मेकॅनिकल मिळतो स्मॉल ब्लॉकला, प्रेशर साडेसहा ते आठ, बसवल्यावर गेज बघायचं, सातच्या वर दाखवलं तर रेग्युलेटर लाव, नाहीतर नको. सक्शन ३/८ केलंस आणि टाकीतली नळी ३/८ ची, तर हा पंप ४५० ला पुरतो. पुढे कधी नायट्रस नाहीतर ब्लोअर (ताकद अजून वाढवायचं सामान) डोक्यात आला तर मग ह्यूस्टनचं ऐक.

लाईन एका तुकड्यात वाकवलेली तयार मिळते तुझ्या मॉडेलची, ३/८ ची, ती घे, जोड जितके कमी तितकं सक्शनला हवा धरायची भीती कमी. फ्रेमला जिथे एक्झॉस्ट जवळ येतो तिथे लांब ठेव. फिल्टर सक्शनला फक्त जाड जाळीचा, बारीक फिल्टर पंपाच्या पुढे कार्बच्या आधी, ४० मायक्रॉन पुरे, आणि मोठ्या अंगाचा घे.

जिप्सीवाला_पुणे

एक राहिलं, नवीन लाईन जोडायच्या आधी आतून धुऊन हवा मार. नवीन पाईपात कापल्याचा कीस, तेल असतं, टाकी पण उतरवलीच आहेस तर धुऊन घे. पहिलं अर्धा लिटर पेट्रोल कार्बला न जोडता डब्यात काढ. मी नव्हतं केलं आणि वेबरची सुई कचऱ्याने अडकून परत ओव्हरफ्लो. एक्स्टिंग्विशर गाडीत हाताला लागेल असा ठेव, डिकीत नाही.

मिशिगनकर_शेवी

तीन आठवडे झाले, उशीर झाला लिहायला, सॉरी, ऑफिसचं काम आणि मुलाची शाळा संपायची गडबड.

ठरवलं काकांचं. ३/८ चं सेंडिंग युनिट, ३/८ ची तयार लाईन, ११० गॅलनचा मेकॅनिकल पंप, नवीन पुशरॉड ५.७५, पंपापासून कार्बपर्यंत सहा नंबरची नवीन लाईन, ४० मायक्रॉनचा मोठा फिल्टर. सगळं मिळून साडेतीनशे डॉलरच्या आत बसलं. लाईन आतून धुतली, पहिला लिटर डब्यात काढला आणि खरंच तळाला चमचमता कीस दिसला, जिप्सीवाले दादा तुमचे आभार.

आयडलला पावणेसात. तिसऱ्यात ५०००, ५५००, ६००० पर्यंत नेली, गेज साडेपाचच्या खाली आलं नाही. गाडी कुठेही धरली नाही, मी सोडलं तेव्हाच थांबली. मुलगा नव्हता त्या दिवशी, मित्रच होता, तो नुसता हसत सुटला.

आता वाईडबँड वर ११.२ दाखवतोय, म्हणजे पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मी चार नंबर मोठे केलेले जेट आता खरंच जास्त देतायत. परत बिल्डरच्या मूळ जेटवर जाऊ की दोन दोनने उतरू?

कार्बकाका

मूळवर जा सरळ. डायनोवर त्याने त्याच जेटने ४५१ काढले होते, आणि तेव्हा कार्बला पेट्रोल पुरत होतं. आता गाडीतही पुरतंय. तिथून वाईडबँड बघून लागलं तर एक नंबर वर-खाली कर, आणि बदल केलास की प्रत्येक वेळी फ्लोटची लेव्हल साइट प्लगमधून (बाऊलचं लेव्हल बघायचं भोक) एकदा बघ, प्रेशर वाढल्यामुळे लेव्हल पण थोडी वर आली असणार.

मिशिगनकर_शेवी

बरोबर काका, प्राइमरी (पुढच्या) बाऊलची लेव्हल खरंच वर होती, भोकातून पेट्रोल सरळ बाहेर येत होतं. खाली आणली. मूळ जेट टाकले, १२.७ वर आलं. उद्या मुलाला घेऊन जातो.